किल्लीचे दात

रविवारी सकाळी ती मुलगी कचेरीत आली, तेव्हा वहिनी खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ पुसत होत्या आणि भाऊजी मुद्दाम त्यांच्याकडे न बघता वर्तमानपत्र वाचत होते.

दारावर पाटी अजून दादांचीच होती. दादा म्हणजे वहिनींचे यजमान, भाऊजींचे सख्खे थोरले भाऊ आणि शहरातले नावाजलेले खासगी तपासनीस. ते गेल्यावर त्यांची खुर्ची आता आपलीच, असं भाऊजी धरून चालले होते. इतकी वर्षं दादांची बॅग धरून त्यांच्यामागे ते हिंडले होते. पण पहिल्याच प्रकरणात वहिनींनी चोर शोधून काढला. दुसऱ्यातही काढला. मग लोक दारातूनच विचारायला लागले, "वहिनी आहेत का?" भाऊजी पुन्हा बॅग धरायला लागले. ते त्यांना काट्यासारखं सलत होतं.

मुलीनं टेबलावर एक गाठोडं ठेवलं आणि चादरीची गाठ सोडली. आत मोरपंखी रंगाचा लोकरी कोट होता. म्हणजे, एके काळी असावा. पाठ, बाह्या, पिवळं अस्तर, सगळ्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

"मी शिवलाय," ती म्हणाली. "अख्खा हिवाळा लागला. थोरल्या बहिणीचं आणि माझं शिवणाचं दुकान आहे. काल रात्री आम्ही तळघरात गेलो होतो."

भाऊजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तळघरात? तुला आत घेतलं?"

तळघर हा शहरातला सगळ्यात अवघड नाइटक्लब. तिथे ओळख चालत नाही, ओळखीचं पत्रही चालत नाही. दारावरचा माणूस नखशिखांत बघतो आणि ठरवतो. लोक त्याला 'चाळण' म्हणतात. भाऊजीही एकदा अत्तर लावून, विजारीला कडक इस्त्री करून रांगेत उभे राहिले होते. चाळणीनं त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या माणसाकडे पाहिलं होतं. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती.

"आम्ही तिघं होतो," मुलगी म्हणाली. "मी, ताई आणि... माझं लग्न ठरलंय, तो. चाळणीनं कोटाकडे बघितलं आणि मला म्हणाला, तू ये. या दोघांना नाही. मी परत फिरणार होते, पण ताईनंच ढकललं आत. जा म्हणाली, कोटाचं सोनं कर."

"मग?"

"मग काय सांगू वहिनी! कोट काढून ठेवायच्या आधीच एक बाई आडव्या आल्या. मोठ्या कपड्यांच्या पेढीच्या मालकीणबाई. दुसऱ्या शहरात नवी कार्यशाळा काढतायत. म्हणाल्या, सोमवारी कोट घेऊन ये, तुझ्याजोगं काम आहे. मी जी नाचले, जी नाचले... आणि निघताना कोट मागितला, तर हे."

"मालकीणबाईंचं हे ताईला कधी सांगितलंस?" वहिनींनी विचारलं.

"लगेच. म्हणजे, घरी गेल्यावर." मुलीनं नजर खाली घातली. "ताईवर मला संशय घ्यायचा नाहीये."

भाऊजी कोटावर वाकले होते. "वहिनी, कॉलर मात्र शाबूत आहे! कॉलर कुणी केलीय ही?"

"ताईनं," मुलगी हळूच म्हणाली. "इतकी जाड कॉलर मला नाही जमत. आत कॅनव्हास, त्यावर गादी, वरून दुहेरी लोकर."

भाऊजींनी वहिनींकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. वहिनी कॉलरच्या कडेवरून अंगठा फिरवत होत्या. कडेला उंदरानं चावून सोडल्यासारखे बारीक चिमटे होते. चिंध्यांवरही त्यांनी बोट फिरवलं. कापलेल्या कडा दातेरी होत्या. एक आखूड काप, मग दुसरा आखूड काप, अशा.

"उद्या सोमवार," वहिनी म्हणाल्या. "चला, भाऊजी."

दुपारच्या उजेडात तळघर म्हणजे पाहुणे गेल्यावरचं लग्नघर होतं. ओली फरशी, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, फिनेलचा वास. ज्या दारापुढे लोक श्वास रोखून उभे राहायचे, ते विटेचा टेकू देऊन उघडं ठेवलं होतं. भाऊजी आत शिरले आणि त्यांना उगाचच फसवल्यासारखं वाटलं.

चाळण एका स्टुलावर बसून बूट पुसत होता. वहिनींनी विचारलं तसं त्यानं शिक्का दाखवला. एक किल्ली होती. तिचं वर्तुळ वर धरलं की दात उजवीकडे.

"मनगटावर मारतो. साध्या डोळ्यांना दिसत नाही, निळ्या दिव्याखाली चमकतो. दोन दिवस साबणानंही जात नाही. फक्त घाम आला की शाई ओलावते. नाचणाऱ्यांच्या शर्टांवर जिकडेतिकडे किल्ल्या उमटतात!"

"कुणी बाहेर जाऊन परत आलं तर?"

"दुसरा माणूस दिवा मारतो. चमकलं की सोडतो."

"त्या मोरपंखी कोटाबरोबरच्या दोघांना का परत पाठवलंत?"

चाळणीनं बूट खाली ठेवला. "बहीण घाबरली होती. घाबरलेला माणूस भिंतीला टेकून उभा राहतो. आणि तो माणूस... बाई, तो पोरीकडे बघतच नव्हता. पोरीकडे कोण कोण बघतंय, ते बघत होता. असल्यांना मी आत घेत नाही. शिक्का मारला तो फक्त त्या पोरीला."

भाऊजींना विचारावंसं वाटलं, की मग माझ्यात काय पाहिलंस? पण त्यांनी खोकून वेळ मारून नेली.

कोट सांभाळणारी बाई रडवेली झाली होती. "माझी जागा मी सोडत नाही हो कधी. पण ती पोर नाचायला लागली आणि सगळे थांबून बघायला लागले. मीही पडद्यापाशी गेले. तिच्यासारखं नाचणारे पुष्कळ असतात, पण ती हसत होती ना, ते बघायला. गाणं संपेस्तोवर मागे वळून पाहिलं नाही."

"म्हणजे सगळं तळघर तिच्याकडे बघत होतं," वहिनी पुटपुटल्या, "एक जण सोडून."

शिवणाच्या दुकानात थोरली बहीण काज करत बसली होती. टाचेला पट्टी बांधलेली. समोर दोन वीत लांबीची, काळ्या मुठीची कात्री.

"मी दारातूनच घरी आले," ती म्हणाली. "ही पट्टी? नवी चप्पल चावली."

वहिनींनी बॅगेतला निळा दिवा काढला. "कोटावर दुसरे कसले धागे आहेत का बघू. जरा धरता का?"

थोरलीनं कोट उचलला आणि दिव्याच्या उजेडात तिचं मनगट चमकलं. किल्ली होती. पण वर्तुळ वर धरलं, तर दात डावीकडे.

बाहेर पडताच भाऊजी उसळले. "उलटी किल्ली! म्हणजे ओल्या शिक्क्यावर मनगट दाबून उमटवून घेतलेली. ही बया आत होती, वहिनी! आणि म्हणते, दारातूनच घरी आले!"

"अगदी बरोबर," वहिनी म्हणाल्या. भाऊजींची छाती जरा फुगली. "आता धाकटीच्या होणाऱ्या नवऱ्याकडे जाऊ."

त्याचं केस कापायचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. माणूस देखणा, बोलायला गोड. भाऊजींना त्यानं बळेच खुर्चीत बसवून मानेभोवती कापड बांधलं.

"मी थोडा वेळ कोपऱ्यावर थांबलो आणि घरी गेलो," तो म्हणाला. "तिला आत घेतलं, मला आनंदच झाला. माझं काय, मी रोजचाच."

हत्यारं निर्जंतुक करायची काचेची पेटी आरशाशेजारी होती. आत निळा दिवा. त्यानं कंगव्यासाठी पेटीत हात घातला आणि भाऊजींना डोळ्यांसमोरच दिसलं, की त्याच्या मनगटावर पुसट किल्ली लकाकतेय. पुसट, पण सरळ. दात उजवीकडे.

त्यानं कंगव्याबरोबर चिमुकली, पातळ पात्यांची कात्री उचलली. केस कापून होताच भाऊजी घाईघाईनं बाहेर पडले.

"चाळण खोटारडा आहे," रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले. "यालाही शिक्का मारलाय त्यानं. पण त्यानं काही बिघडत नाही. उलटी किल्ली थोरलीची, शाबूत कॉलर थोरलीची. वहिनी, या खेपेला माझं ऐका."

"ऐकते की. संध्याकाळी सगळ्यांसमोर तुम्हीच सांगा."

संध्याकाळी शिवणाच्या दुकानात दोघी बहिणी, तो आणि हे दोघं असे बसले. भाऊजी उभे राहिले. दादा उभे राहायचे तसेच, हात पाठीमागे बांधून.

"धाकटीला आत घेतलं, थोरलीला हाकललं," त्यांनी सुरुवात केली. "जिनं हाताला धरून शिवण शिकवलं, तीच रस्त्यावर! पोटात आग पडणारच. कुणाच्या तरी शिक्क्यावर मनगट दाबून ती आत गेली. बहिणीचं कौतुक बघितलं. कोट फाडला. पण स्वतःची कॉलर फाडायला हात धजला नाही. माणूस दुसऱ्याचं सगळं मोडतो, आपलं तेवढं वाचवतो."

"नाही!" धाकटी ओरडली. "शिक्का मीच दिला तिला! एक गाणं नाचले आणि मालकीणबाईंचं सांगायला बाहेर पळत आले. नाचून घामाघूम झाले होते. ताईला मिठी मारली, तिचं मनगट माझ्या मनगटावर दाबलं. कळलं तर तळघरवाले दोघींना जन्मभर दार बंद करतील, म्हणून बोलले नाही."

"आणि मनातल्या मनात तिच्यावर संशय घेत राहिलीस," वहिनी म्हणाल्या. मुलगी रडायला लागली. थोरली खाली मान घालून बसून राहिली.

"भाऊजींनी पाहिलं ते खरंच आहे," वहिनी म्हणाल्या. "पण कॉलरच्या कडेला चिमटे आहेत. कापणाऱ्यानं ती सोडली नाही. कापायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही." त्यांनी काळ्या मुठीची कात्री उचलून टेबलावरच्या जाड लोकरीच्या चार घड्या घातल्या आणि एका दाबात कापल्या. "ही कात्री रोज चालवणारीला कॉलर अडली नसती. तिचा काप लांब जातो. कोटावरचे काप बोटभर आहेत, दातेरी. पातळ पात्यांची, आखूड कात्री होती ती. लोकर आणि अस्तर कसंबसं कापलं, कॅनव्हासवर पाती सरकली."

त्या माणसानं हात खिशात घातले.

"राहू द्या खिशातच. किल्ली आम्ही दुपारी पाहिली," वहिनी म्हणाल्या. "भाऊजींना वाटलं, सरळ किल्ली म्हणजे दारावरचा शिक्का. पण दारावर तर तुम्हाला नकार मिळाला होता. शिक्का दाबून उमटवला तर उलटा उठतो. मग उलट्यावरून पुन्हा उमटवला तर?"

भाऊजींच्या तोंडून निसटलं, "सरळ! आणि पुसट!"

"सरळ आणि पुसट. सगळ्या शहरात उलटी किल्ली आपल्याला एकाच मनगटावर दिसली. ताई, तुम्हीच दिलीत ना याला?"

थोरलीनं डोळे पुसले. "निघाले तेव्हा हा कोपऱ्यावर उभा होता. मला इतका आनंद झाला होता, म्हटलं, अरे, तिला केवढं काम मिळतंय! म्हणाला, ताई, दोन मिनिटं बघून येतो तिला. मी मनगट पुढे केलं. मग सकाळी चिंध्या पाहिल्या आणि कळलं. पण ठरलेलं लग्न माझ्या तोंडून कसं मोडू? म्हटलं, माझ्यावर आळ आला तर येऊ दे."

मग तो माणूसच बोलला, आणि त्याचा गोड आवाज पार गेला होता.

"आत सगळे तिच्याकडे बघत होते. तेही सोसलं असतं. पण ती हसत होती. माझ्याबरोबर ती एकदाही तशी हसली नाही. एकदाही नाही. त्यात ताईनं सांगितलं, ती दुसऱ्या शहरात जाणार. कोट समोरच टांगला होता आणि कात्री नेहमीसारखी खिशात होती."

धाकटी त्याच्याकडे पाहत राहिली. "तू पुढे येऊन माझा हात धरला असतास," ती म्हणाली, "तर तुझ्याबरोबरच हसले असते ना मी."

तो उठला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. ती त्याच्यामागे गेली नाही. काही वेळानं तिनं बहिणीला विचारलं, "ताई, तू मला नाचताना पाहिलंस?"

"नाही गं," थोरली ओशाळून म्हणाली. "मी स्वतःच नाचत होते. टाच सोलून निघाली बघ."

त्यावर धाकटी रडता रडता हसली. "उद्या मालकीणबाईंकडे तूही चल. कोट नाही, पण आपल्याला हात आहेत."

परतीच्या वाटेवर भाऊजी अर्धं पाऊल मागे चालत होते. मानेवर कापलेले केस टोचत होते.

"माझा राग येतो ना तुम्हाला?" वहिनींनी मागे न बघता विचारलं.

"राग नाही येत."

"मग जे येतं ते. मला ठाऊक आहे ते कसं असतं. तुम्ही दोघं भाऊ बाहेर पडायचात, मी दारात उभी राहायची. जेवताना प्रकरणं सांगायचात, मी वाढता वाढता ऐकायची. उत्तर डोळ्यांसमोर लख्ख दिसायचं आणि कुणी विचारायचं नाही. तुम्हा दोघांचाही इतका हेवा वाटायचा!"

"मग काय करायचात?"

"निजताना तुमच्या दादांना एकदोन प्रश्न विचारायची. साधेच. सकाळी उठले की त्यांना उत्तर सुचलेलं असायचं."

भाऊजी थांबले. पानवाल्याच्या टपरीशी, भर गर्दीत. दादांची गाजलेली प्रकरणं एकामागून एक डोळ्यांपुढून गेली. वहिनीही थांबल्या.

"सगळीच?" भाऊजींनी विचारलं.

"सगळी नाहीत हो. त्यांनाही पुष्कळ सुचायचं."

"आणि मला?" भाऊजींचा आवाज लहान झाला. "इतक्या वर्षांत मला कधी काही सुचलं का, वहिनी? खरं सांगा."

वहिनींनी खरोखरच विचार केला. एवढा वेळ, की भाऊजींना विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

"एकदा," त्या म्हणाल्या. "फार मोठी गोष्ट सुचली होती. दादांनाही नाही, मलाही नाही."

आणि त्या पुढे चालू लागल्या. भाऊजींनी त्यांना गाठलं आणि बरोबरीनं चालायला लागले. प्रकरण कुठलं, ते त्यांनी घर येईपर्यंत विचारलं नाही. न विचारता ते कुठलंही असू शकत होतं.