खांबाला कान लावून

पावसाची सर कोसळली तेव्हा वेरिटी ही मर्स्टन हॉल या जुन्या वाड्याच्या छपरावरची धुराडी तपासून नुकतीच खाली उतरली होती. सगळ्यात जवळचं दार काचघराचं. त्यावरचं ‘प्रवेश बंद’ तिनं वाचलं आणि ती आत शिरली.

आत ऊब होती, संत्र्याच्या फुलांचा वास होता. वर काचेवर पावसाची टपटप... आणि एका कोपऱ्यात तीच टपटप थेट फरशीवर. तिथल्या लोखंडी खांबाला तिनं डोळे मिटून कान लावला.

“आवडला असेल तर घाई करा,” मागून कुणीतरी म्हणालं. “उद्या त्याला काढायला माणसं येतायत.”

तिनं एक डोळा उघडला. बाह्या सरसावलेला, हातात झारी घेतलेला एक तरुण.

“हळू बोला. याच्या पोटात पाणी अडलंय.”

त्यानं झारी ठेवली आणि शेजारीच कान टेकवला. दोघांचे चेहरे आता एका वितीवर.

“मला फक्त धडधड ऐकू येतेय,” तो म्हणाला.

“ती खांबाची नाही.”

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. त्याचं नाव क्रिस्पिन. घराच्या मालकीणबाई मॉड यांचा भाचा, बाग तोच बघायचा. या कोपऱ्यातल्या गळतीला आत्या कंटाळल्या होत्या, म्हणून उद्या अख्खं काचघर उतरवायचं ठरलं होतं. खांबापाशी जमिनीत वाढलेलं संत्र्याचं झाड त्याच्या पणजोबांनी लावलेलं. ते हलवता येत नव्हतं, आणि काचेशिवाय पहिल्याच हिमात गेलं असतं.

वेरिटीनं सांगितलं, छप्पर निर्दोष आहे. हे सगळे खांब पोकळ. छपराचं पाणी त्यांच्यातून फरशीखालच्या टाकीत जातं. बाकीचे खांब गुळगुळ वाजत होते. हा एकटाच गप्प होता, म्हणून पाणी वर तुंबून आत सांडत होतं.

दोघांनी मिळून टाकीचं झाकण सरकवलं. खांबाच्या नळाच्या तोंडातून दाढीसारखी मुळं लोंबत होती... संत्र्याचीच.

क्रिस्पिनचा चेहरा उतरला. “म्हणजे गुन्हेगार हाच. आणि ही कापली तर?”

“मला वाटतं, जगेल. बाकी मुळं मोकळ्या मातीत आहेत.”

“खात्री?”

“नाही. पण न कापता मरणार, ही खात्री आहे.”

तो क्षणभर झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभा राहिला. मग छाटणीची कात्री घेऊन, पालथा पडून त्यानं टाकीत हात घातला.

“बाजूनं कापा,” ती म्हणाली, “खांबभर पाण्याचा जोर—”

पुढचं पाण्यानंच सांगितलं. असा लोंढा सुटला, की दोघं डोक्यापासून पायापर्यंत चिंब, आणि खांब पहिल्यांदाच खळाळून बोलायला लागला.

मॉड आत्या आल्या, नेहमीप्रमाणे घरातच छत्री उघडून. “क्रिस्पिन, पाहुण्यांना आंघोळ घालायची नवी रीत का ही?” म्हणत त्या गळक्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ वर बघत राहिल्या. वर पाऊस ओतत होता. खाली थेंब नाही. त्यांनी सावकाश छत्री मिटली.

“उद्याच्या माणसांना कळव, येऊ नका म्हणावं. आणि हिला टॉवेल दे. धुराडी इथे नसतात, हे तिला माहीत असेलच.”

त्या गेल्यावर वेरिटीनं पुन्हा खांबाला कान लावला. तपासायला नको का? पाण्याच्या खळखळीतून, पलीकडच्या बाजूनं, लोखंडातून एक हलका आवाज आला—

“धुराडी संपली तरी... जाऊ नकोस.”

तिचे कान तापले. “पुन्हा म्हण,” ती म्हणाली. “एका निरीक्षणावर मी निष्कर्ष काढत नाही.”

तो वळसा घालून समोर आला आणि पुन्हा म्हणाला. या वेळी मध्ये लोखंड नव्हतं, आणि निष्कर्ष काढायला वेरिटीला शब्द लागले नाहीत.