गाडी झोपत नव्हती

फोन उलटे ठेवा बघू. आणि मध्येच 'खरंच का, काका?' असं कुणी विचारायचं नाही. त्या मिस्त्रीच्या दुकानाला लागून बावीस वर्षं माझं पंक्चरचं दुकान होतं. त्यानं मला सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

मिस्त्री गाड्यांची वायरिंग करायचा. कामाला एक नंबर, पण जीभ लबाड. कुणाचाही फोन आला की म्हणायचा, "आलोच दहा मिनिटांत." असं म्हणताना हातातला पाना खालीसुद्धा ठेवायचा नाही. मग ताटकळलेलं गिऱ्हाईक मला फोन करायचं. मी सांगायचो, मिस्त्रीची दहा मिनिटं आहेत, जेवून घ्या.

त्या मंगळवारी संध्याकाळी तो स्वतःच्याच गाडीसाठी नवी बॅटरी घेऊन घरी गेला. पंधरा दिवसांतली दुसरी. रात्री गाडी चांगली उभी करावी आणि सकाळी चावी फिरवली की नुसती टकटक. दिव्याखाली अंधार म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. तो हसायचा नाही, चिडायचाही नाही. सात महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. चहा कढत असो की गार, सारख्याच चेहऱ्यानं प्यायचा.

पण लेक बाळंतपणाला आली होती. नववा महिना, जावई लांब नोकरीला, आणि त्या गल्लीत रात्री दुसरं वाहन मिळायचं नाही. गाडी सुरू व्हायलाच हवी होती.

म्हणून जेवण झाल्यावर त्यानं बॉनेट उघडलं. उभ्या गाडीची बॅटरी कोण खातंय हे शोधायची रीत सोपी आहे. मायनसची वायर सोडायची, मध्ये मीटर जोडायचा, दारं लावायची आणि थांबायचं. हल्लीच्या गाड्या बंद केल्या तरी आतून अर्धा तास जाग्याच असतात. आमच्या धंद्यात म्हणतातच, आधी गाडी झोपू दे, मग मोज. झोपलेली गाडी जवळजवळ काही खात नाही. पण कुणी दार उघडलं की आतला दिवा लागतो आणि गाडी सगळीच्या सगळी जागी होते.

अकराला आकडा शून्यापाशी आला. गाडी झोपली. तो स्टूल घेऊन समोर बसला. बारा वाजले, मग एक.

एक वाजून चाळीस मिनिटांनी आकडा चढला. चार अँपिअर.

त्यानं मान वर केली. आतला दिवा लागला होता. चारही दारं बंद होती.

त्यानं दिव्याचा फ्यूज काढला. दिवा तसाच... मग दार उघडून बल्बच काढला. बोटाच्या पेराएवढा, लांबट, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या. इतका वेळ जळूनही काच हाताला गार लागली. तो शर्टाच्या खिशात टाकला, दार लावलं, मीटर बघितला.

चार.

मग एकेक फ्यूज. चार. पुढचा. चार. शेवटचाही काढला.

चार...

बॅटरी खायला आता गाडीत काही उरलंच नव्हतं.

एक चाळीस. ही वेळ तो विसरणं शक्य नव्हतं. सात महिन्यांपूर्वी छातीत कळ आली म्हणून बायकोनं रात्री बाराला फोन केला, तेव्हा तो हायवेवर एका ट्रकखाली आडवा होऊन वायरी जोडत होता. म्हणाला, आलोच दहा मिनिटांत. ती याच गाडीत जाऊन बसली. पुढच्या सीटवर, दार अर्धं उघडं ठेवून, वाट बघत. बॅटरी जुनी, उद्या बदलू उद्या बदलू म्हणत राहिलेली. तो दुचाकीवरून पोचला तेव्हा एक चाळीस झाले होते. आतला दिवा लाल होऊन विझत आला होता. चावी फिरवली... नुसती टकटक. दुसरं वाहन मिळेपर्यंत ती गेली.

तो पुढच्या काचेपाशी गेला. स्टिअरिंगशेजारची सीट कुणी बसल्यासारखी दबलेली होती.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तो आत जाऊन स्टिअरिंगपाशी बसला. शेजारी बघितलं नाही.

"आलो," तो म्हणाला.

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"उशीर झाला गं. आलोय मी. झोप आता."

बराच वेळ तसाच बसला. मग उतरला. मीटर बघितला. चार... दोन... शून्यापाशी.

"बाबा."

घराच्या दारात लेक उभी होती, चौकट घट्ट धरून. त्यानं फ्यूज बसवले, वायर लावली, नट आवळला. पहिल्या चावीला गाडी सुरू झाली. पहाटे नात झाली, दोघी सुखरूप.

दवाखान्यात नर्स म्हणाली, "काका, तुमचा खिसा जळलाय."

त्यानं खाली बघितलं. खिशाला भोक पडलं होतं आणि खाली छातीवर फोड आला होता. त्याला पत्ताच नव्हता. बल्ब काढून बघितला तर अजून गारच. नर्सनं मलम लावलं तेव्हा कुठं झोंबलं, आणि मिस्त्री त्या बाकावरच रडायला लागला. सात महिन्यांत पहिल्यांदा.

त्यानंतर ती बॅटरी कधी उतरली नाही. नात आता शाळेत जाते. डाग मात्र गेला नाही, मी स्वतः पाहिलाय. बरोबर काळजावर. मध्ये लांबट, आणि दोन्ही टोकांना दोन ठिपके.