रिकाम्या पेटीवरचं चित्र

मेलेल्या माणसाला चित्रात हातपाय काढायचे नाहीत, हे वारासी आईच्या मांडीवर बसून शिकली होती. प्रेत ठेवायच्या मातीच्या पेटीच्या एका अंगाला समुद्रातला अष्टपाद. दुसऱ्या अंगाला गेलेला माणूस, थडग्याच्या दारापाशी ताठ उभा, अंगरख्यात गुंडाळलेला, बिनहाताचा, बिनपायाचा. पुरुष तांबडा, बाई पांढरी. गेलेल्याने मागे फिरू नये, म्हणून. क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या बंदरातल्या निम्म्या घरांची माणसं तिने अशी उभी केली होती.

आता पोटच्या पोराची पाळी होती. तेलाचे रांजण घेऊन तुरोचं गलबत समुद्रापार मिसर देशाकडे निघालं, त्याला वर्ष उलटलं होतं.

"प्रेत नाही, काही नाही. पेटी कसली रंगवू?" वारासी नवऱ्यावर उखडली. "वादळाचे दिवस सरायच्या आत तुम्हीच पिटाळलंत त्याला."

"किती दिवस तेच उगाळणार आहेस?" कितानो हाताची माती पुसत म्हणाला. "पेटी ठेवल्याशिवाय सुनेला दुसरं घर करता येत नाही. अडकून पडलीय बिचारी. रंगव आणि मोकळी कर तिला."

तिने रंगवलं. नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत रंगवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रातल्या अंगरख्याखाली दोन पावलं होती.

रंग तिचाच होता, हात तिचा नव्हता. बोटं नीट सुटी काढलेली. पावलं थडग्याकडे पाठ करून घराकडे वळलेली.

"हे काय मांडलंयस?" कितानो ओरडला.

"मी नाही काढली."

"मग काय शेजारीण येऊन काढून गेली? गाव थुंकेल आपल्या तोंडावर!"

वारासीने सुरीने पावलं खरवडली.

तिसऱ्या दिवशी पावलं परत आली होती. टाचांभोवती पांढरा थर धरला होता. तिने चाखून पाहिला, तर मीठ. आणि या खेपेला हातही होते, पुढे केलेले.

वर्षभर जिची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली ती चाहूल आली होती, आणि वारासी घाबरली. मेलेला परत येतो तो कुणाला तरी न्यायला, असं तिने जन्मभर ऐकलं होतं. उंबऱ्यावर सून डाळ निवडत बसली होती.

तिने दातओठ खात खरवडलं. आधी घोट्यापासून, मग खांद्यापासून.

त्याच दुपारी पेटी भट्टीत गेली. भाजल्या मातीवर पुन्हा काही उमटलं नाही. डोंगरातल्या थडग्यात ती रिकामीच ठेवली.

त्यानंतर नवव्या दिवशी, भर उन्हात, दोन खलाशांनी तुरोला उचलून अंगणात आणलं.

जिवंत.

गलबत फुटलं होतं. परक्या किनाऱ्यावर वर्षभर मजुरी करून तो घरी निघाला होता.

"आमच्या गलबतावर चढला तेव्हा धडधाकट होता हो," खलाशी तिची नजर चुकवत म्हणाला. "नऊ दिवसांमागे दुपारी जरा आडवा झाला, आणि..."

त्याने तुरोला भिंतीशी टेकवलं; अंगरख्याच्या दोन्ही बाह्या रिकाम्या लोंबत होत्या.

तुरो हसला. "आई, भूक लागलीय गं. भरव ना."

वारासीने त्याच्या खांद्यावरचा अंगरखा बाजूला केला.

रक्त नव्हतं. जखम नव्हती. बारीक, उभ्या रेघा होत्या, मातीवर तिची सुरी फिरल्यावर उठतात तशाच.