ड्रायव्हरचं झाकण

सुट्टीचा दिवस होता, आणि गंजताई स्टुडिओत गेली होती ती फक्त पंखा बंद करायला. आदल्या दिवशी चाकांना चिखल फासून तो वाळावा म्हणून तिने टेबलफॅन लावून ठेवला होता. दुपारी जेवता जेवता तिच्या डोक्यात आलं, की चिखल जास्त वाळला तर त्याला भेगा पडणार आणि कॅमेऱ्यासमोर खपल्या निघणार. झालं! पुढ्यातलं ताट तसंच टाकून बाई निघाली. कामात काही राहून गेलं की तिला घास गिळवत नसे.

गंजताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. सिनेमासाठी ज्या लहान मापाच्या नकली गाड्या बनतात ना, त्यांच्यावर गंज, चिखल, काजळी चढवायचं काम ती करायची. चकचकीत नवा रणगाडा तिच्या हाती द्यावा आणि तिने तो सहा महिने लढाईत रगडल्यासारखा करून परत द्यावा. कोणी म्हणेल, डाग पाडायला काय अक्कल लागते? असं म्हणणाऱ्याला ती उभा सोलायची. "डागाला कारण लागतं," ती म्हणायची. "जिथे बूट पडतो तिथेच रंग उडतो. जिथे तेल सांडतं तिथेच धूळ बसते. उगीच कुठेही गंज फासायचा असेल तर मग सरळ लग्नाची गाडीच सजवा की!"

या वेळचा रणगाडा चांगला दिवाणाएवढा होता. प्लायवूडचा सांगाडा, वर प्लास्टिकचे पत्रे, पोटात तोफ फिरवायची मोटर, बॅटरी आणि वायरींचं जंजाळ. दृश्य होतं जळलेल्या रणगाड्याचं. ड्रायव्हर पुढचं झाकण उघडून पळून गेलाय आणि शूर कप्तान मात्र शेवटपर्यंत तोफेवर उभा आहे, असं दाखवायचं होतं. म्हणून गंजताईने तळहाताएवढं ते पुढचं झाकण उघडं ठेवून त्याच्या मागे काजळीचा रुंद पट्टा ओढला होता. उघड्या भोकातून आगीचा लोळ बाहेर पडला की काजळी तशीच पसरते.

स्टुडिओत चारी बाजूंनी काळे पडदे होते, त्यामुळे बाहेर टळटळीत ऊन असलं तरी आत अंधारच. पंख्याची घरघर तेवढी येत होती. आणि वास... रंगाचा नव्हे, टर्पेंटाइनचाही नव्हे. जळलेल्या रबराचा, डिझेलचा, आणि त्याच्याखाली आणखी कसला तरी. केस जळल्यावर येतो तसा.

तिने दिवा लावला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झाकण बंद होतं. काजळीचा रुंद पट्टा साफ नाहीसा झाला होता. त्याच्या जागी झाकणाच्या फटीभोवती काळी बारीक रेघ होती, फक्त एक रेघ, भांड्याच्या झाकणाखालून वाफ झिरपावी तशी. आणि तोफेचा फिरता घुमट, जो तिने डावीकडे वळवून ठेवला होता, तो आता सरळ समोर होता. तोफेची नळी खाली झुकून बरोबर त्या झाकणावर आली होती.

"कोणी हात लावला?" ती रिकाम्या स्टुडिओत ओरडली. "कोणाचे हात शिवशिवले?"

पंखा घरघरत राहिला.

तिने तिथूनच कॅमेरावाल्या दादाला फोन लावला आणि त्याला नमस्कार-चमत्कार न करता जे झाडलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. तो बिचारा घरी पोरीचे केस विंचरत बसला होता. "ताई, शप्पथ. मी आलोच नाही. आणि मला ती काजळी जमते तरी का?"

ते मात्र खरं होतं. म्हणूनच तिचा राग जास्त वाढला. ती रेघ इतकी बरोबर होती की तिला स्वतःलाही तशी जमली नसती. बंद झाकणाआड आग लागली तर काजळी नेमकी अशीच बाहेर येते. पण ज्याने केलं त्याने न विचारता केलं होतं. तिने ती रेघ पुसली, झाकण उघडलं, घुमट फिरवला, पट्टा पुन्हा रंगवला. बॅटरी काढून पिशवीत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली.

सकाळी येऊन बघते तर झाकण बंद. रेघ तिथेच. नळी झाकणावर.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी स्टुडिओत कोणालाच ठाऊक नव्हती. हा सिनेमा खऱ्या घटनेवरचा होता, आणि पळालेला तो ड्रायव्हर म्हणजे गंजताईचा बाप.

ती तेव्हा रांगत होती. सीमेवरच्या लढाईत गाडी जळाली, ती शत्रूच्या मुलखातच राहिली. तोफेवरचे दोघे आधीच गोळी लागून गेले होते. परत आला तो एकटा कप्तान. त्याने सांगितलं, ड्रायव्हर झाकण उघडून पळाला, मी शेवटपर्यंत लढलो. कप्तानाला पदक मिळालं, आणि गंजताईच्या आईला काय मिळालं? पळपुट्याची बायको ही उपाधी. धड विधवाही नाही. शेजारच्या बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. आईनेही ते खरं मानलं होतं, तिचा संताप तर सगळ्यांहून मोठा. "असेल कुठेतरी दुसरा संसार थाटून," ती म्हणायची. "मेला असता तर निदान मान तरी वर करता आली असती." नवऱ्याचा उल्लेख ती 'तो' असा करायची, जसा चोराचा करावा.

मग गंजताईने हे काम घेतलंच का? कारण तिच्या बापाची गाडी दुसऱ्या कोणी रंगवावी हे तिला सोसवलं नसतं. आणि रंगवताना मात्र रोज स्वतःच्या हाताने ते झाकण उघडं ठेवायचं, बापाच्या पळून जाण्यावर आपणच काजळी फासायची! काय काय करावं लागतं माणसाला.

त्या दिवशी शूटिंग बघायला कप्तानसाहेब स्वतः आले. सिनेमाचे सल्लागार ना ते! कडक इस्त्रीचे कपडे, हातात काठी, आणि आल्या आल्या काठीचं टोक चाकांकडे. "चिखल आणखी हवा. आम्ही काय बागेत फिरत होतो?" रंगाचे नमुने दाखवायला गंजताई त्यांच्या बंगल्यावर गेली होती तेव्हाही त्यांनी तिला उभंच ठेवलं होतं. ती दात-ओठ खात चिखल लावत राहिली. आधी तिने झाकण उघडून, घुमट वळवून सगळं नीट करून ठेवलं होतंच.

लहान गाडी मोठी भासवायची तर कॅमेरा जमिनीला टेकवावा लागतो आणि चित्रं फार वेगाने टिपावी लागतात. मग ते चित्र सावकाश दाखवलं की धुराला वजन येतं, धूळ जड पडते, आणि डोळ्यांना जे दिसत नाही तेही दिसतं. कॅमेरावाल्याने धूर सोडला. सगळे मागे सरले. त्या धुरात घुमट कधी फिरला हे कोणीच पाहिलं नाही. धूर विरला तेव्हा नळी समोर होती आणि झाकण बंद.

"अहो ताई!" दिग्दर्शक चिडला. "हे काय चाललंय?"

"मला काय विचारता? बॅटरी माझ्या पिशवीत आहे."

"ताई... साहेब... जरा इकडे या," कॅमेरावाला म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "हे बघा."

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते चित्र सावकाश चाललं होतं. धुराचे ढग लोळत होते. आणि झाकण हलत होतं. केसभर वर यायचं, नळीला आपटायचं, पुन्हा खाली. पुन्हा वर. दर धडकेला रंगाचा एक कण उडायचा आणि धुरात तरंगत खाली जायचा. आतून कोणीतरी खांदा लावून ढकलत होतं. आधी जोरात... मग थांबून थांबून... मग नुसतंच थरथरलं.

त्या चित्राला आवाज नव्हता, तरीही गंजताईने कानांवर हात ठेवले.

"नळी फिरवायला वेळच कुठे होता!"

सगळ्यांनी मागे पाहिलं. कप्तान खुर्चीतून उठला होता. त्याला कोणीही काही विचारलं नव्हतं.

"गाडी पेटली होती," तो म्हणाला. "मी उडी मारली. नळी झाकणावर होती... तो ओरडत होता, साहेब, नळी, साहेब, नळी... वेळच नव्हता."

मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं आणि तो मटकन खाली बसला.

आता दिग्दर्शकाच्या जागी एखादा माणूस असता तर त्याने काय केलं असतं? पण दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं. "सर दमलेत, पाणी आणा. आणि ताई, ते फडतूस झाकण उघडं ठेवून खिळा ठोका त्याला. उद्या पुन्हा घेऊ. गोष्ट आहे तशीच राहणार, पोस्टरं छापून झालीयेत."

"फडतूस?" गंजताईचा आवाज चिरकला. "आत माझा बाप आहे! ऐकलंत? माझा बाप! इतकी वर्षं माझ्या आईने खाली मान घालून काढली, ती तुमच्या पोस्टरसाठी?"

कप्तानाने तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. त्याला वाटलं असेल ती त्याला मारेल. पण तो काय म्हणाला माहीत आहे? हळूच, विनवणी केल्यासारखा म्हणाला, "आईला सांगू नकोस, बेटा... आता सांगून काय उपयोग?"

बेटा म्हणे! तिच्या हातात चिखलाचं भांडं होतं. ते तिने त्याच्या इस्त्रीच्या कपड्यांवर रिकामं केलं आणि ती चालू पडली.

आईला तिने सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत, फक्त निवडलेलं आणि टाकायचं एकत्र होत गेलं. मग ती म्हणाली, "म्हणजे ह्यांना बाहेर यायचं होतं..."

ह्यांना! गंजताईने हा शब्द आईच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"आणि मी त्यांनाच शिव्या घालत बसले," आई म्हणाली. रागाने तिचा चेहरा काळानिळा झाला होता. "त्या मेल्याला घरोघर हार घातले, आणि मी ह्यांना शिव्या... चल. कुठे आहेत ते?"

दुसऱ्या दिवशी कोणी यायच्या आत दोघी स्टुडिओत पोचल्या. तोच वास. रणगाडा दिव्याखाली उभा होता. ती गेल्यावर कोणीतरी झाकणाला ठोकलेला खिळा वाकडा होऊन खाली पडला होता, झाकण बंद होतं आणि नळी त्याच्यावर.

गंजताईने घुमटाला जोर लावला. तो हलेना. रोज एका बोटाने फिरणारा घुमट, पण जणू खरंच लोखंडाचा झाला होता.

"सरक," आई म्हणाली. पदर खोचून तिने नळी दोन्ही हातांनी धरली. "हो बाजूला! इतकी वर्षं झाली, पुरे!" आणि तिने ढकललं. घुमट करकरला. प्लायवूडचा नव्हे, गंजलेल्या लोखंडाचा आवाज होता तो. नळी बाजूला झाली.

आईने झाकणाच्या कडेत नखं घातली आणि ते उचललं.

आत मोटर, वायरी आणि बॅटरीची रिकामी खाच. बाहुलीलाही जागा नव्हती तिथे. पण झाकणाची खालची बाजू, जिला गंजताईने कधी ब्रशही लावला नव्हता कारण ती कॅमेऱ्यात येतच नाही, ती आडव्या-उभ्या ओरखड्यांनी भरून गेली होती. चार-चार रेघा शेजारी शेजारी, लाकडात खोल गेलेल्या. आईने त्या रेघांवर आपली चार बोटं ठेवली. बरोबर बसली नाहीत. त्या रेघा तिच्या बोटांहून रुंद होत्या.

"या," ती भोकाकडे वाकून म्हणाली. "या बाहेर. कोणी काही म्हणत नाही आता तुम्हांला. मी सुद्धा नाही."

गरम हवेचा झोत गंजताईच्या तोंडावरून गेला. भट्टीचं दार उघडावं तसा. मग वास गेला. एकदम गेला. नुसता रंगाचा आणि लाकडाचा वास उरला, कामाच्या कुठल्याही दिवशी असतो तसा. गंजताईला हुंदका फुटला. सुटले बाबा, तिला वाटलं. संपलं एकदाचं.

बाहेर ऊन चढलं होतं. टॅक्सी थांबवली. गंजताई आईशेजारी बसायला गेली, तर आई म्हणाली, "तू पुढे बस." आणि स्वतः खिडकीला चिकटून बसली, अंग चोरून.

"कुठे जायचं?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

गंजताई घरचा पत्ता सांगणार, तोच आई मागून म्हणाली, "अगं, तो कप्तान राहतो कुठे?"

"आई... तुला कशाला त्याचं घर?"

"मला कशाला? मला त्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही." आईने शेजारच्या रिकाम्या जागेकडे मान वळवली, जरा ऐकल्यासारखं केलं. "हे विचारताहेत."

टॅक्सीवाला थांबला होता. टॅक्सीत आता पुन्हा जळलेल्या रबराचा वास येऊ लागला होता, आणि तो खिडकीची काच खाली करत होता.

गंजताईने त्याला बंगल्याचा पत्ता सांगितला.