सतरा नंबरचा बिल्ला

ठक... ठक ठक. लोखंड लाकडावर आपटल्याचा तो आवाज मी चाळीस वर्षांपूर्वी ऐकला. भरतीनं होड्या धक्क्याला लागत असतील, असं मनाला समजावलं आणि घरी गेलो.

जुन्या धक्क्यावर मी वखारीचा राखणदार होतो. आत जाणाऱ्या हमालानं आपला पितळी बिल्ला दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायचा, निघताना काढून घ्यायचा. खिळे रिकामे दिसले की मी बाहेरून कडी घालायची. त्या दिवशी उंट्या आत राहिला. सतरा नंबर, उंच म्हणून उंट्या. पुढे दोन दिवस सुट्टी, त्यात उधाण; तिसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा तो बुडालेला सापडला. खिळा रिकामा होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं. नातही तेच ऐकत मोठी झाली.

परवा दुपारी ती म्हणाली, "आबा, धक्का पाडणार आहेत. त्याआधी फोटो काढायचेत. चला ना!"

तिला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

तिनं माल उचलायच्या गंजलेल्या याऱ्या टिपल्या, दोरांनी खाचा पडलेले दगड टिपले. मग वखारीपाशी आली.

"आधी खिळ्याला काहीतरी अडकव," मी म्हणालो.

"कडी घालायला आता कोण येतंय? राखणदार तर माझ्यासोबत आहे!" हसत तिनं रुमाल अडकवला. मी टोपी.

आत कुजक्या तागाचा वास होता. चार फोटो झाले असतील, दार लागलं. मग कडी पडली. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

आम्ही धक्के दिले, हाका मारल्या. फोनला रेंज नव्हती. फळ्यांच्या फटींतून भरतीचं पाणी वर येऊ लागलं.

"आबा... बाहेर कुणीतरी चालतंय."

लांब टांगांची ती चाल मला ठाऊक होती. दारापाशी येऊन थांबली. ठक... ठक ठक.

"उंट्या," मी फटीला तोंड लावून म्हणालो, "पोरीला सोड रे. तिनं काय केलंय?"

पाणी गुडघ्याला लागलं. नातीनं माझा हात घट्ट धरला होता.

"तुझा बिल्ला खाली पडला होता... दार उघडलं तेव्हा दिसला. मीच तो पाण्यात फेकला. आणि तुझं ठोकणं... ऐकलं होतं मी. दमलो होतो रे... घरी जायचं होतं."

तिचा हात सुटला.

कडी निघाली.

बाहेर कुणी नव्हतं. माझी टोपी आणि तिचा रुमाल जमिनीवर पडले होते. खिळ्याला पितळी बिल्ला होता. सतरा. त्यावरून पाणी ठिबकत होतं.

कॅमेरा तिच्या गळ्यात होता, पण तिनं तो उचलला नाही. बिल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाळा..." मी म्हणालो.

तिनं रुमाल झटकून घेतला. माझी टोपी उचलली, बिल्ल्याशेजारच्या खिळ्याला नीट अडकवली, आणि धक्क्यावरून चालू लागली.