दुसरी हाक

ताईने आतापर्यंत सव्वीस जेंबे नापास केले होते. सत्ताविसावा बघायला ती निघाली तेव्हा धाकटीने अंथरुणातूनच विचारलं, की तू ढोल आणायला चाललीयेस की जावई शोधायला.

टोमणा अगदीच खोटा नव्हता. जेंबे म्हणजे पश्चिम आफ्रिकेचा हाताने वाजवायचा ढोल, वर रुंद, कमरेत बारीक. खरा जेंबे एकाच ओंडक्यातून कोरतात, वर बकऱ्याचं कातडं चढवतात आणि लोखंडी कड्यांत दोरी ओवून ते ताणतात. बाजारात मिळतो तो बहुतेक वेळा पट्ट्या चिकटवून केलेला, वरून गडद पॉलिश फासलेला. ताई दुकानात शिरली की पर्समधून छोटी बॅटरी काढायची, ढोल उलटा करायची आणि सरळ आत डोकं घालायची. एका दुकानदाराने तर विचारलं होतं, आत काही पडलंय का.

पण या वेळी तिला घाई होती. दोघी बहिणी एकाच नृत्यपथकातल्या, ताई वाजवणारी आणि धाकटी नाचणारी. आठ महिन्यांपूर्वी धाकटीचा घोटा मोडला. हाड जुळलं, डॉक्टरांनी हात झटकले, पण पाय काही उचलेना. जमिनीवर टेकवला की ती घाबरून मागे घ्यायची. पथकाच्या मॅडमनी सांगून टाकलं होतं, की रविवारच्या कार्यक्रमात नाचली तर ठीक, नाहीतर तिची जागा दुसरीला जाईल. नाच गेला तर धाकटीचं काय उरेल, हा विचार ताईला सहन होत नव्हता. पथकातला जुना ढोल चिरलेला, त्याचा आवाज म्हणजे रिकामा डबा. चांगला घुमारा कानावर पडला तर हा पाय उठेल, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. वाजवणाऱ्यांचा असा विश्वास असतो, त्याला इलाज नाही.

वाद्यदुरुस्तीचं ते दुकान टायरवाल्याच्या मागच्या गल्लीत होतं. आत सरसाचा वास, भिंतीवर बिनतारांची गिटारं, मध्ये प्लायवूडचा आडपडदा. दुरुस्तीवाला सत्तरीचा, बोटांना सरस लागलेला. आडपडद्यामागे कुणीतरी चालत होतं. ठप ठप, ठप ठप. चार पावलं तिकडे, चार पावलं इकडे. ताईने तिकडे पाहिलं तेव्हा तो म्हणाला, की बायको आहे, तिला चालायची सवय आहे.

मग त्याने कोपऱ्यातलं पोतं बाजूला केलं आणि खालचा जेंबे पुढे ओढला.

हाच तो, हे हात लावायच्या आधीच तिला कळलं होतं, पण तिने स्वतःला आवरलं. आधी वजन: दोन्ही हातांनी उचलावा लागला, म्हणजे लाकूड घट्ट. मग बॅटरी. आतल्या बाजूला छिन्नीच्या खुणा गोल गोल वर चढत गेल्या होत्या, एकही जोड नाही, एकही गाठ नाही. काठ असा घासलेला की तळव्याला कुठे टोचत नव्हता. कातड्यावर बकऱ्याच्या पाठीच्या कण्याची फिकट रेघ बरोबर मधोमध होती. ताईला लहान मुलीसारखं नाचावंसं वाटलं. दाखवायचं नाही, नाहीतर भाव वाढेल, एवढं भान तिने कसंबसं ठेवलं.

स्टुलावर बसून तिने ढोल गुडघ्यांत धरला आणि हाक वाजवली.

हाक म्हणजे नऊ थापांचा एक छोटा तुकडा. मुख्य वाजवणाऱ्याने तो वाजवला की नाच सुरू होतो आणि तोच तुकडा पुन्हा वाजवला की सगळे जागच्या जागी थांबतात. पहिली हाक आणि दुसरी हाक, पथकात असंच म्हणतात. ताईने पहिली हाक दिली आणि पुढे ताल धरला. मधली थाप पोटात उतरत होती, काठावर बोटांनी मारलेली चाट टणक आणि कोरडी. असा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. मिनिटभराने तिने हात उचलले. बघायचं ते बघून झालं होतं.

दुकान एकदम शांत वाटलं. आडपडद्यामागची पावलं थांबली होती.

दुरुस्तीवाल्याने ब्रश खाली ठेवला आणि तो आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याचं तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल होते.

"झोपली," तो म्हणाला. "खूप वर्षांनी."

ताईने किंमत विचारली. त्याने सांगितली ती ऐकून तिला वाटलं, म्हातारा एक शून्य विसरला. ढोल पोत्यात बांधता बांधता त्याने खाली मान घालूनच विचारलं, "दुसरी हाक दिली नाहीत?"

ताई हसली. ढोल पारखताना दुसरी हाक कोण देतं? समोर नाचणारे असले तर द्यायची. जगातला कुठलाही वाजवणारा हेच सांगेल.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मी परत घेत नाही हं."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते.

रिक्षात तिने ढोल मांडीवरून उतरवला नाही. घरी पोचायला एक वाजून गेला, कारण वाटेत दोनदा थांबून तिने पोतं सोडून पुन्हा आत बॅटरी मारली होती. जिना चढताना वरून आवाज आला. ठप ठप, ठप ठप.

दार उघडंच होतं. टेबल भिंतीला सरकवलेलं, घोट्याचा पट्टा कोपऱ्यात फेकलेला आणि मधल्या मोकळ्या जागेत धाकटी नाचत होती. गाणं नाही, ढोल नाही, तरी एक पाऊल चुकत नव्हतं.

ताई दारातच रडायला लागली.

"अगं, पाय उठला," धाकटी म्हणाली, आणि ती हसत होती, घामाने निथळत होती. "दात घासत होते आणि एकदम उठला."

"दात? दुपारी?"

"साडेअकरा वाजता उठले मी, आळशी आहे ना."

ताईने त्यावर फार विचार केला नाही. आनंदाला त्या वेळी दुसरं काही दिसत नव्हतं. तिने पोतं सोडलं, खुर्ची ओढली आणि थेट ताल धरला. धाकटीची पावलं त्यात चपखल बसली. आठ महिने या घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं. आता दोघी एकमेकींवर ओरडत होत्या, हसत होत्या, मॅडमच्या चेहऱ्याची नक्कल करत होत्या.

अर्ध्या तासाने ताईचं लक्ष घोट्याकडे गेलं. तो सुजून तांबडा झाला होता.

"पुरे आता, बस जरा."

"थांबवत नाही गं," धाकटी म्हणाली. तोंडावर हसू होतं, पण ओठ सुकले होते.

ताईने वाजवणं थांबवलं. पावलं थांबली नाहीत. तिने दंड धरून ओढलं, तर ताईच्या हातात असतानाही धाकटीचे पाय खाली चालूच होते.

ताई परत खुर्चीवर बसली. थांबवायची एकच रीत तिला ठाऊक होती.

"आणि रविवारी ना," धाकटी सांगत होती, "मी तो हि—"

ताईने दुसरी हाक दिली.

धाकटी थांबली. एक पाय जमिनीपासून वीतभर वर.

"हं, आता पाणी पी," ताई म्हणाली.

धाकटीचं तोंड अर्धवट उघडं होतं. पंख्याच्या वाऱ्याने तिची बट हलत होती. बाकी काहीच हलत नव्हतं.

ताईला वाटलं, थट्टा करतेय. तिने गाल थोपटला. गाल गरम होता. हनुवटीवरून घामाचा थेंब खाली पडला. ताईने नाकाशी बोटं धरली. मग कितीतरी वेळ धरून ठेवली.

श्वास नव्हता.

ताईने तिला नावाने साद घातली, हलवलं. मग तिचे हात आपोआप ढोलावर गेले. नऊ थापा.

"—रवा घागरा घालणारे," धाकटी म्हणाली आणि पाय खाली आला. ठप ठप. "अशी काय बघतेस? भूत पाहिल्यासारखी?"

ताईने तळहात कातड्यापासून दूर उचलून धरले.

धाकटीने नाचता नाचताच टेबलावरचा तांब्या घेतला, नाचता नाचताच पाणी प्यायली. तिचा चेहरा आनंदाने उजळला होता.

"ताई, रविवारी शेवटची हाक जोरात दे हं," ती म्हणाली. "सगळ्यांना एकदम थांबायचंय."