कोयनानगरला थांबलेली गाडी

"आवं, झाकण उघडू नका! तोंड भाजंल!"

अंजना पान्यासकट गॅरेजबाहेर धावली. वाफाळत्या मोटरसायकलवर वाकलेला तरुण दचकून मागं सरला. त्याच्या बुटांपाशी हिरवं पाणी ठिबकत होतं.

"हे काय गळतंय?"

"कूलंट. इंजिन थंड ठेवतं ते. आधी गाडी निवू द्या... आणि तुमीपण."

तो हसला. भुरभुर पावसानं त्याच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या. शिवतेज – माधवनगरचा. लष्करातून सुट्टीवर आलेला, घाट बघायला एकटाच निघालेला. वडिलांची कंबर गेल्यापासून हे गॅरेज अंजनाच चालवायची.

गाडी निवल्यावर तिनं सगळं पुसून कोरडं केलं, कूलंट भरलं, इंजिन चालू ठेवून बॅटरीचा उजेड पाडला. रेडिएटर कोरडा. रबरी नळ्याही कोरड्या. मग कूलंट फिरवणाऱ्या पंपाखालच्या बारक्या भोकातून एक थेंब डोकावला.

"सापडलं! पंपाचं सील गेलंय. सांगलीहून मागवावं लागंल. परवा मिळंल."

"परवापर्यंत मी काय करू?"

"धरण बघा, धबधबे बघा."

त्यानं यातलं काहीच पाहिलं नाही. धरणावर नोकरीला असलेल्या एका मित्राच्या क्वार्टरमध्ये मुक्काम आणि दिवसभर गॅरेजमधल्या स्टुलावर. ती मागायच्या आत पाना पुढं करायचा – नेमका चुकीचा.

"मुद्दाम करताय!"

"व्हय. तुमी रागावल्यावर लय बरं वाटतं."

ती मान फिरवायची... पण हसू लपायचं नाही.

सील आलं. तिनं पंप खोलून ते बसवलं, नवं कूलंट भरलं, इंजिन तापवून हवेचे बुडबुडे काढले. थेंबसुद्धा पडला नाही. आता तो जाणार, याचं तिला वाईटच वाटलं.

"आज शिराळ्याला जायचंय," तो हळूच म्हणाला. "आईनं पोरगी बघायचं ठरवलंय. ... गाडी अजून एक दिवस ठेवू का?"

तो तिच्याकडे बघत राहिला. 'थांबा' एवढंच तिला म्हणायचं होतं. पण आईनं ठरवलेलं आपण कोण मोडणार, असं तिला वाटलं.

"गाडी ठीक हाय," ती म्हणाली. "जावा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"गरम होतीय का?" तिनं घाईनं विचारलं.

"न्हाई... सुपारी फुटली काल. तुमी थांबा म्हणाला असता, तर थांबलो असतो."

"तुमी तरी कुठं बोलला?"

तिनं हातातला पाना खाली ठेवला.

"पोरगी कशी हाय?"

"चांगली हाय."

"मग तिला तरी... मनातलं वेळेवर सांगत जावा."

तिनं फोन ठेवला आणि भर दुपारी गॅरेजचं शटर आतून ओढून घेतलं.